राउटर बिटे, लाकूडकामातील

राउटर बिटे, लाकूडकामातील : फळीच्या कडेला गलता काढणे, लाकडात खाच अथवा खोबण पाडणे, दाराच्या झडपेवर नक्षीची रेघ उठविणे, प्लायवुडवर चिकटविलेल्या लॅमिनेटच्या (प्रचारात ‘सनमायका’) कडा छाटणे इ. कामांसाठी राउटर या विजेवर चालणाऱ्या हातयंत्रात बसविण्यात येणारी फिरती कर्तन हत्यारे. राउटरमध्ये एक लहान विद्युत् चलित्र असते व त्याच्या अक्षाच्या टोकाशी बिट पकडणारी कॉलेट नावाची चिमटी असते. काम प्रत्यक्षात बिटच करते. यंत्र फक्त त्याला गती देते. त्यामुळे यंत्र कितीही चांगले असले, तरी बिट हलके असल्यास काम बिघडते. याउलट साध्या यंत्रातही योग्य बिट बसविल्यास स्वच्छ काम मिळते.

राउटरचे काम रोज न करता वर्षातून काही दिवसच करणाऱ्या व्यक्तीपुढे बिटांच्या खरेदीचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहतो. कारखान्यात बिट झिजेपर्यंत वापरले जाते, म्हणून तेथे महागडे बिटही परवडते. अधूनमधून काम करणाऱ्याचे बिट झिजण्यापूर्वी गंजण्याचा, हरवण्याचा अथवा चुकीच्या वापराने तुटण्याचा संभव अधिक असतो. स्वस्त बिट त्याला सोईचे वाटते व पुष्कळदा ते पुरेसेही ठरते. परंतु मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेणाऱ्या हत्याराच्या बाबतीत काटकसरीला एक मर्यादा असते. ती कोठे आहे, हे बिटाची रचना, त्याचे द्रव्य व ज्या लाकडावर ते चालवावयाचे ते लाकूड या तीन गोष्टींवरून ठरते.

जालना जिल्ह्यातील पार्श्वभूमी : १ मे १९८१ रोजी निर्माण झालेल्या जालना जिल्ह्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा असे आठ तालुके आहेत. जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो व त्याचे वनक्षेत्र अत्यल्प आहे. त्यामुळे येथील सुताराच्या हाती परंपरेने आले ते बांधावरचे व गावरानातले लाकूड : बाभूळ, लिंब, आंबा. बारा बलुतेदारांपैकी एक असलेला सुतार नांगर, वखर, तिफण व बैलगाडी घडवी आणि दुरुस्त करी. त्याबद्दल त्याला सुगीत धान्याच्या रूपाने बलुते मिळे. वाकस, करवत, पटाशी, रंधा, सामता व गिरमिट ही त्याची हत्यारे होती. कडेला नक्षी काढावयाची झाल्यास तो गलत्याचा रंधा वापरी. त्या रंध्याचे पाते तो स्वतः दगडावर परजून घेई व एकच पाते वर्षानुवर्षे चाले.

लोखंडी अवजारे आणि ट्रॅक्टर यांचा प्रसार झाल्यावर शेतीच्या अवजारांचे काम कमी होत गेले व गावातील सुतार चौकटी, झडपा, देव्हारे, कपाटे या कामांकडे वळला. घरबांधणी बहुधा सुगीनंतर होत असल्याने हे काम हंगामी असते. सागाच्या चौकटीला गलता, झडपेच्या चौकटीत फळी बसविण्यासाठी खोबण किंवा देव्हाऱ्याच्या कमानीला गोलाई ही कामे आता गलत्याच्या रंध्याऐवजी राउटरने किंवा ट्रिमर नावाच्या त्याच्या लहान प्रकाराने केली जातात. यंत्र एकदा विकत घेतले जाते. बिटे मात्र पुनःपुन्हा घ्यावी लागतात. ती जालना शहरातील किंवा तेथून पश्चिमेस सु. ६० किमी. वर असलेल्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील हार्डवेअरच्या दुकानांतून अथवा कुरिअरने मागवून घेतली जातात. भारतीय बाजारात मिळणाऱ्या स्वस्त संचांपैकी पुष्कळसे चीनमधून आयात केलेले असतात.

इतिहास : हाताने खाच पाडण्याचे रंधे फार जुने आहेत. अमेरिकेतील आर्. एल्. कार्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विजेवर चालणारे हातराउटर तयार करून विकले व १९२९ मध्ये त्यांचा हा व्यवसाय स्टॅन्ली कंपनीने विकत घेतला. बिट वर-खाली सरकवून लाकडात मधेच उतरविता येणारे राउटर दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत प्रचारात आले.

बिटांच्या द्रव्यांचा इतिहास यंत्राच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा आहे. साध्या कार्बनी पोलादाची धार सु. २००° ते २५०° से. तापमानाला मऊ पडू लागते. एफ्. डब्ल्यू. टेलर व मॉन्सेल व्हाइट यांनी अमेरिकेतील बेथलीएम स्टील कंपनीत १८९८–१९०० या काळात केलेल्या प्रयोगांतून जलद-गती पोलादाची उष्णतासंस्करण पद्धती पुढे आली. या पोलादाची धार सु. ६००° से. पर्यंत टिकते. जर्मनीतील कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये टंगस्टन कार्बाइडाची पूड कोबाल्टाच्या साहाय्याने घट्ट सांधण्याच्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) घेतले आणि क्रुप कंपनीने हे द्रव्य ‘विडिया’ या नावाने बाजारात आणले. हिऱ्यासारखे, अशा अर्थाच्या जर्मन शब्दांवरून हे नाव बनविले आहे. भारतातील दुकानदार व कारागीर आजही कोणत्याही कार्बाइड टोकाला ‘विडिया’ असेच म्हणतात. ते कोणत्या उत्पादकाचे आहे, याच्याशी त्या शब्दाचा संबंध उरलेला नाही.

रचना : बिटाचे दांडा, अंग व धारा असे मुख्य भाग असतात. दांडा कॉलेटमध्ये पकडला जातो. अंगाच्या दोन बाजूंना, क्वचित एकाच बाजूला, कर्तक धारा असतात व त्यांच्या पुढे भुसा बाहेर पडण्यासाठी खोलगट जागा ठेवलेली असते. कडेचे काम करणाऱ्या बिटाच्या टोकाला किंवा दांड्याजवळ एक लहान गुंडी-धारवा (बॉल बेअरिंग) बसविलेला असतो. हा धारवा फळीच्या कडेला टेकून फिरतो व बिट किती आत जावे ते ठरवितो.

भारतात दांड्याचे ६, ६·३५ (पाव इंच), ८, १२ व १२·७ (अर्धा इंच) मिमी. हे व्यास प्रचारात आहेत. ६ व ६·३५ मिमी. या दोन मापांत डोळ्यांना जाणवण्याजोगा फरक नाही. तथापि ६·३५ मिमी.च्या कॉलेटमध्ये ६ मिमी.चा दांडा घट्ट आवळला गेल्यासारखा वाटूनही चालू यंत्रात निसटू शकतो. १२ व १२·७ मिमी. बाबतही असेच घडते. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या यंत्राच्या कॉलेटचे माप नक्की माहीत असणे ही पहिली गरज होय. केवळ ‘लहान दांडा’ किंवा ‘मोठा दांडा’ एवढे सांगून बिट मागणे धोक्याचे ठरते.

दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. १२·७ मिमी.चा दांडा ६·३५ मिमी.च्या दांड्याच्या दुप्पट जाड असला, तरी तो सोळापट ताठ असतो. बारीक दांड्याचे बिट कॉलेटबाहेर जितके लांब, तितके ते अधिक वाकते व थरथरते. लांबी दुप्पट झाल्यास वाकणे आठपट होते. लाकडावर उमटणाऱ्या बारीक लाटा हे पुष्कळदा या थरथरीचेच चिन्ह असते. यास्तव बारीक दांड्याची स्वस्त बिटे लहान व्यासाच्या आणि उथळ कामापुरतीच वापरणे इष्ट ठरते.

गती व बल : बिटाच्या धारेचा वेग व्यास आणि फेरे या दोहोंवर अवलंबून असतो. मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या गतीने ६ मिमी. व्यासाच्या बिटाच्या धारेचा वेग सेकंदाला सु. ९·४ मी. असतो; त्याच गतीने ५० मिमी. व्यासाचे बिट फिरविल्यास हा वेग सेकंदाला सु. ७८·५ मी. होतो व तो धोक्याच्या मर्यादेत जातो. म्हणून सर्वसाधारणपणे २५ मिमी.पर्यंतच्या व्यासाला २४,०००, ५० मिमी.पर्यंत १८,००० व त्याहून मोठ्या व्यासाला १६,००० ते १२,००० फेरे ही कमाल मर्यादा मानतात. बहुतेक लहान ट्रिमरची गती स्थिर व सु. ३०,००० फेरे असते. अशा यंत्रात मोठ्या व्यासाचे बिट, दांडा बसत असला तरी, वापरू नये.

या गतीला असमतोलही महत्त्वाचा ठरतो. १२ मिमी. लांब, ४ मिमी. रुंद व १·५ मिमी. जाड अशा कार्बाइडाच्या चकतीचे वजन जेमतेम एक ग्रॅम असते. ती अक्षापासून १० मिमी. अंतरावर असून बिट मिनिटाला २४,००० फेरे घेत असेल, तर तिला बाहेर ओढणारे बल सु. साडेसहा किग्रॅ. वजनाइतके होते. ही चकती डाखातून सुटली, तर ती तासाला सु. ९० किमी. वेगाने उडते. स्वस्त बिटाचा खरा धोका त्याची धार लवकर बोथट होण्यात नाही, तो या डाखाच्या कमकुवतपणात आहे.

द्रव्ये : बाजारात मुख्यतः तीन प्रकारची बिटे मिळतात. (१) जलद-गती पोलादाची बिटे : यांत टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम व व्हॅनेडियम ही मूलद्रव्ये असतात. यांची कठिनता रॉकवेल ‘सी’ मापप्रमाणावर सु. ६२ ते ६५ असते. धार अतिशय बारीक करता येते व साध्या तेलाच्या दगडावर ती पुन्हा लावता येते. मऊ व स्वच्छ लाकडावर काम सुबक होते. परंतु प्लायवुडमधील सरसाच्या थरांवर, एमडीएफसारख्या तक्त्यांवर आणि लॅमिनेटवर ही धार फार लवकर जाते. (२) कार्बाइड टोकांची बिटे : यांचे अंग पोलादाचे असते व धारेच्या जागी कार्बाइडाच्या चकत्या रुपेरी डाखाने जोडलेल्या असतात. बहुतेक स्वस्त संच याच प्रकारचे असतात. (३) अखंड कार्बाइडाची बिटे : ही लहान व्यासाची, बहुधा मळसूत्री धारांची असतात. काम उत्तम होते. मात्र ती महाग व ठिसूळ असून फरशीवर पडल्यास तुटतात.

कार्बाइड हे एकच द्रव्य नाही. कोबाल्टाचे प्रमाण आणि कार्बाइडाच्या कणांचा आकार यांनुसार त्याच्या अनेक प्रती असतात. कोबाल्ट कमी व कण बारीक असल्यास धार कठीण व टिकाऊ, पण ठिसूळ होते. कोबाल्ट वाढविल्यास चिवटपणा वाढतो व झीजही वाढते. केवळ ‘विडिया’ एवढ्या शब्दावरून ही प्रत कळत नाही. दोन बिटांच्या किंमतींतील फरकाचा मोठा भाग कार्बाइडाची प्रत, चकतीची जाडी व डाखकामाची निगा यांत दडलेला असतो.

जालना हे पोलादाच्या सळयांचे मोठे उत्पादनकेंद्र आहे. येथील कारखान्यांत लोखंडी भंगार प्रवर्तन भट्ट्यांत वितळवून त्याच्या कांड्या ओततात व त्या लाटून बांधकामाच्या सळया तयार करतात. पोलादाच्या अशा शहरात कर्तन हत्यारे बाहेरून का आणावी लागतात, असा प्रश्न साहजिकच पडतो. बांधकामाच्या सळईत कार्बनाचे प्रमाण भारतीय मानकानुसार ०·३०% पेक्षा अधिक असू देत नाहीत, कारण सळई वाकविता व सांधता आली पाहिजे आणि भूकंपासारख्या धक्क्यात ती एकदम तुटता कामा नये. लाटल्यानंतर पाण्याच्या झोताने तिचा पृष्ठभाग कठीण होतो, तर गाभा चिवट राहतो. हत्याराच्या पोलादाची गरज याच्या उलट असते. त्यात कार्बन पुष्कळ अधिक असावा लागतो आणि टंगस्टन, मॉलिब्डेनम यांसारखी महाग मूलद्रव्ये नेमक्या प्रमाणात मिसळावी लागतात. मिश्र भंगारापासून होणाऱ्या उत्पादनात असे प्रमाण राखणे हा त्या उद्योगाचा हेतूच नसतो. सळईचा तुकडा घासून केलेले बिट म्हणूनच राउटरमध्ये कधीही लावू नये. ते धार तर धरीत नाहीच, शिवाय असमतोलामुळे वाकून उडण्याचा संभव असतो.

लाकडाचा प्रकार : बाभळीचे लाकूड जड, कठीण व चिवट असते, गाडीच्या चाकाला ते चालते याचे कारण हेच. त्यावर राउटर चालविताना बारीक दांड्याच्या बिटावर मोठा ताण येतो. आंब्याचे लाकूड मध्यम कठीण असते. लिंबाच्या लाकडात तंतू आलटूनपालटून उलट दिशांना जात असल्याने कडा फाटण्याची भीती असते. साग कापण्यास सोपा वाटतो, परंतु त्यात सिलिकेचे सूक्ष्म कण असल्याने पोलादी धार लवकर बोथट होते. म्हणून सागाच्या चौकटींचे काम करणाऱ्याने, काम थोडे असले तरी, कार्बाइड टोकांचेच बिट घ्यावे. पाइन लाकडाच्या जुन्या खोक्यांच्या फळ्या मऊ असल्या, तरी त्यांत खिळे राहिलेले असतात. एका खिळ्याने कार्बाइडाची धार कायमची तुटते. जुने लाकूड वापरण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून खिळे शोधणे, हा बिटाचे आयुष्य वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

प्रकार व निवड : बिटांचे आकार शेकडो असले, तरी अधूनमधून काम करणाऱ्याला पुढील थोडेच लागतात. सरळ बिट खाच व खोबण पाडते. धारव्याचे सरळ छाटणी बिट लॅमिनेटची कड फळीबरोबर करते, तसेच नमुन्याच्या तक्त्यावरून एकसारखे अनेक भाग कापण्यास उपयोगी पडते. गोलाईचे बिट तीक्ष्ण कडा बोथट करते. लहान मुलांच्या पाळण्यापासून शाळेच्या बाकापर्यंत सर्वत्र त्याची गरज लागते. पायरी-खाचेचे बिट झडपेत काच किंवा फळी बसविण्यासाठी कडेला पायरी पाडते. अंतर्गोल, व्ही-आकाराचे, नागमोडी गलत्याचे व डव्हटेल सांध्याचे बिट ही विशिष्ट कामापुरती लागतात.

बारा किंवा पंधरा बिटांचे संच लाकडी पेटीत घालून विकले जातात. प्रत्येक बिटामागे त्यांची किंमत फार कमी भासते. पण वापराच्या दृष्टीने हिशेब वेगळा होतो. उदा., हिशेबापुरते असे धरले की, बारा बिटांच्या संचाला १,२०० रुपये पडले व वर्षभरात त्यांपैकी तीनच वापरली गेली, तर वापरलेल्या प्रत्येक बिटाची किंमत १०० रुपये नसून ४०० रुपये होते. त्याच पैशांत अधिक चांगल्या प्रतीची तीन सुटी बिटे येत असतील, तर संच महाग ठरतो. याउलट कोणते आकार लागतील हे अजून माहीत नसलेल्या शिकाऊ माणसाला संच हा ओळख करून घेण्याचा एक मार्ग असतो. अशा वेळी पुढील क्रम व्यवहार्य ठरतो : संचातील जे बिट वारंवार हातात येते व प्रथम बोथट होते, तेवढेच पुढे चांगल्या प्रतीचे घ्यावे, क्वचित लागणाऱ्या आकारांसाठी संचातील बिटे ठेवावीत. अनुभवाने पाहता सरळ बिट आणि धारव्याचे छाटणी बिट या दोहोंवर सर्वाधिक काम पडते. त्यामुळे काटकसर येथे न करता नक्षीच्या बिटांत करावी.

बिटाच्या किंमतीची तुलना केवळ दुसऱ्या बिटाशी करूनही भागत नाही. सागाच्या चौकटीचा एक उभा भाग शेवटच्या गलत्यात फाटला, तर गेलेल्या लाकडाची व मजुरीची किंमत चांगल्या बिटाच्या अनेकपट होते. ज्याने लाकूड स्वतः आणून दिले आहे अशा घरमालकाच्या कामात हे नुकसान सुताराच्याच अंगावर येते.

दुकानातील परीक्षा : बिट विकत घेताना उपकरणांवाचूनही बऱ्याच गोष्टी तपासता येतात. (१) चकती व अंग यांमधील डाखाची रेषा सलग असावी. तीत छिद्रे, काळे ठिपके किंवा फट दिसल्यास बिट घेऊ नये. (२) चकतीची जाडी पाहावी. फार पातळ चकतीला पुन्हा धार लावता येत नाही आणि ती टवका उडून लवकर तुटते. (३) दोन्ही धारा सारख्या उंचीच्या व अक्षापासून सारख्या अंतरावर असाव्यात. तसे नसल्यास एकच धार कापते, दुसरी केवळ घासते व लाकूड काळे पडते. (४) धारेवरून उजेडाकडे पाहिल्यास चकाकणारे ठिपके दिसू नयेत. चकाकणारा भाग बोथट किंवा तुटलेला असतो. (५) दांडा गुळगुळीत घासलेला असावा. शक्य असल्यास व्हर्नियर कॅलिपरने दोन-तीन जागी त्याचा व्यास मोजावा. रंग किंवा सोनेरी मुलामा हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे. (६) बिट सपाट काचेवर दांडा टेकवून लोटल्यास टोक डगमगू नये. (७) धारवा बोटाने फिरविल्यास न अडखळता फिरावा व त्याला बाजूला ढिलेपणा नसावा. (८) दांड्यावर व्यास आणि कमाल फेरे कोरलेले असावेत. युरोपीय मानक ८४७-१ अनुसार अशी माहिती हत्यारावर असणे आवश्यक असून, हाताने पुढे सरकविण्याच्या यंत्रासाठी योग्य असलेल्या हत्यारावर तशी खूणही असते. जेथे काहीच कोरलेले नाही, तेथे त्या बिटाची जबाबदारी कोणी घेतलेली नाही, असे समजण्यास हरकत नाही.

कुरिअरने मागविलेल्या बिटाची हीच परीक्षा माल हाती येताच करावी व दोष आढळल्यास न वापरता परत करावा.

वापर : दांडा कॉलेटमध्ये किमान २० मिमी. आत असावा, मात्र तो तळाला टेकवून न ठेवता २ ते ३ मिमी. वर उचलून आवळावा, कारण तळाला टेकलेले बिट आवळताना नीट बसत नाही. यंत्राची तार विजेच्या खोबणीतून काढल्याखेरीज बिट बदलू नये. खोल खाच एका दमात पाडू नये. बारीक दांड्याच्या बिटाने एका वेळी सु. ३ मिमी. खोलीच घ्यावी.

यंत्र पुढे सरकविण्याचा वेग हा पुष्कळदा दुर्लक्षिला जाणारा घटक आहे. दोन धारांचे बिट मिनिटाला २०,००० फेरे घेत असताना यंत्र मिनिटाला ४ मी. सरकले, तर प्रत्येक धार ०·१ मिमी. जाडीचा कीस काढते. यंत्र एकाच जागी रेंगाळले की कीस न निघता घर्षण होते, लाकूड जळते व धार तापून मऊ पडते किंवा डाख सैल होतो. नव्या माणसाच्या हातून बिटे लवकर खराब होतात ती बहुधा भीतीने यंत्र फार सावकाश चालविल्यामुळे. फळीच्या बाहेरील कडेने यंत्र घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने, तर चौकटीच्या आतील कडेने काट्याच्या दिशेने न्यावे. उलट नेल्यास बिट लाकडावर चढून यंत्र हातातून ओढून नेते. चारही कडांना गलता काढताना आधी तंतूंना आडव्या असलेल्या कडा व नंतर लांबीच्या कडा घ्याव्यात, म्हणजे कोपऱ्याचा उडालेला टवका पुढच्या फेरीत निघून जातो. ग्रामीण भागात विजेचा दाब उतरल्यास साध्या चलित्राची गती मंदावते. अशा वेळी कापाची खोली कमी करावी किंवा काम थांबवावे.

सुरक्षितता : डोळ्यांवर संरक्षक चष्मा ही अट कोणत्याही बिटाच्या बाबतीत अपरिहार्य आहे, स्वस्त बिटाच्या बाबतीत ती दुप्पट महत्त्वाची ठरते. नवे बिट प्रथम लावल्यावर यंत्र लाकडापासून दूर, तोंड जमिनीकडे करून एक मिनिट मोकळे चालवावे. थरथर किंवा शिटीसारखा आवाज आल्यास ते बिट बाजूस ठेवावे. काम शिकवंचाने घट्ट आवळलेले असावे व दोन्ही हात यंत्रावर असावेत. सैल बाही, उपरणे किंवा गमछा अंगावर ठेवून राउटर चालवू नये. लाकडाचा भुसा मानवात कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये वर्गीकृत केले. विशेषतः नाकाच्या पोकळीतील कर्करोगाशी त्याचा संबंध आढळतो. सागाच्या भुशाने काहींच्या त्वचेला खाजही सुटते. नाका-तोंडावर योग्य मुखवटा व कानांवर आच्छादन वापरणे हे बिटाच्या किंमतीच्या मानाने अल्प खर्चाचे काम आहे.

निगा : बोथट वाटणारे बिट पुष्कळदा केवळ राळ व जळलेल्या भुशाच्या थराने माखलेले असते. धारवा काढून बिट टर्पेंटाइनमध्ये भिजवून पितळी ब्रशाने घासल्यास ते पूर्ववत कापू लागते. धारवा द्रवात बुडवू नये, कारण त्यातील वंगण धुतले जाते. धार लावताना हिऱ्याच्या बारीक कानशीने चकतीची फक्त सपाट पुढची बाजू दोन्ही धारांवर मोजून सारखीच घासावी. बाहेरील वळणदार बाजूला हात लावल्यास बिटाचा आकार व व्यास बदलतो. पावसाळ्यात बिटांना तेलाचा हात देऊन ती एकमेकांवर आदळणार नाहीत अशी, भोके पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात उभी ठेवावीत. सैल झालेला धारवा वेगळा मिळतो. तो बदलल्यास सबंध बिट टाकावे लागत नाही. मात्र टवका उडालेले, डाख सुटलेले किंवा दांडा वाकलेले बिट दुरुस्त करण्याचा प्रयत्न न करता मोडीत काढावे.

अर्थसाहाय्य : १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत समाविष्ट केलेल्या अठरा कारागिरींत सुतारकामाचा अंतर्भाव आहे. नोंदणी व कौशल्यचाचणी झालेल्या कारागिराला अल्पमुदतीचे प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन व हत्यारांच्या संचासाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य देण्याची तरतूद तीत असून, पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंतचे कर्ज ५% व्याजाने मिळण्याची सोय आहे. अशा साहाय्यातून यंत्र घेतले गेले, तरी त्याला पुढे लागणाऱ्या बिटांचा खर्च कारागिराला स्वतःच्या कमाईतून करावा लागतो. यंत्राच्या निवडीइतकेच बिटाच्या निवडीचे ज्ञान प्रशिक्षणात मिळणे म्हणूनच आवश्यक ठरते. गलत्याच्या रंध्याचे पाते स्वतः पारखून व परजून घेण्याची जी सवय जुन्या सुताराच्या अंगी होती, तिची गरज विजेच्या यंत्राने संपविलेली नाही. पाते आता कारखान्यातून तयार येते व ते पारखण्याचे काम घेणाऱ्याकडेच राहते.